हेस्टरबाईंच्या चादरी रविवारीं वाळल्या त्याची बखर

श्री. उजेड थोरला आणि सावली धाकटी, या दोघां भावंडांनीं पांढऱ्या पडद्यावर जग उभें केलें, त्यांस प्रथम नमन. नंतर श्रोत्यांस विनंति ऐसी कीं, पाय पसरून बसावें, हातीं कांहीं निवडावयाचें असेल तें घ्यावें, आणि पश्चिम समुद्रांत बेटाचें एक राज्य आहे, तेथें शके अठराशें एकाहत्तर, विरोधी नाम संवत्सरीं, नणंद-भावजयींमध्यें चादरींवरून काय मजकूर जाहला तो ऐकावा. त्या राज्यांत मोठी लढाई सरून चार वर्षें जाहलीं होतीं, तोफा गार पडल्या होत्या, राजे सुखरूप होते, परंतु लोणी, साखर आणि साबण अद्याप सरकारी चिठीवरच, मोजून मिळे आणि रयत कंटाळली होती. तेव्हां दिवाणांनीं मसलत केली कीं रयतेचें मन रमवावयास काय द्यावें, आणि पाहतात तों कोठारांत देण्याजोगें कांहींच नाहीं. मग एक शहाणा कारकून बोलिला, "रयतेस रयतच दाखवावी." हें सर्वांस मानवलें आणि चित्रखात्यास हुकूम सुटला.

हें चित्रखातें म्हणजे राज्यांतील एक नवल होतें. तेथें नट नाहीं, नटी नाहीं, गाणें नाहीं, तरवार नाहीं. कोळसा खणणाऱ्यानें कोळसा खणावा, मासे धरणाऱ्यानें मासे धरावे, आणि खात्याच्या लोकांनीं तें चित्रयंत्रांत धरावें, ऐसा रिवाज. बटाटा सालीसकट कैसा उकडावा, शिंकतांना तोंडापुढें रुमाल कैसा धरावा, याचींही चित्रें त्यांनीं केलीं आणि गांवोगांव दाखविलीं. ज्याचें काम त्यानेंच करून दाखवावें हें तर खरेंच, परंतु यंत्रापुढें तें एकदां करून भागत नसे. ढग आला, पुन्हां करा. कुत्रें मध्यें आलें, पुन्हां करा. एका टपालवाल्यास एकच पत्र एकाच दारांत सात वेळां टाकावयास लाविलें, तेव्हां आठव्या वेळीं तो दार विसरला. ऐसें खरें दाखविण्यास खोटें किती करावें लागे तें खात्यासच ठाऊक.

या खात्यांत रूपर्टसाहेब म्हणून एक सरदार होते. वय बत्तीस, कोटाच्या कोपरांवर चामडें, चित्त कोमल, ढग चांगला दिसला कीं डोळे भरून येत. त्यांस हुकूम जाहला कीं एका खेड्याचा एक आठवडा, सोमवारपासून रविवारपर्यंत, पाऊण घटकेच्या चित्रांत बसवावा. मग स्वारी मौजे ओटरविक येथें जावयास निघाली, परंतु वाटेंत मोटार बिघडली आणि मुक्कामीं पोंचेतों मंगळवार उजाडला. पुढील रविवार मिळून सहाच दिवसांचा परवाना होता. म्हणजे आठवडा सात दिवसांचा आणि साहेबांपाशीं दिवस सहा, आणि नेमका सोमवारच हातचा गेलेला.

आतां सोमवार जाणें म्हणजे काय, तें सांगितल्यावांचून कळणार नाहीं. त्या राज्यांत धुण्याचा वार सोमवार. राजधानी सोडली तर साऱ्या मुलखांत सोमवारीं सकाळीं तांबड्या विटांच्या परसांत दोऱ्या भरत आणि मंगळवारीं इस्तरी होई. हा नेम कोणी लिहून ठेविला नव्हता, म्हणूनच तो मोडण्याची कोणाची छाती नव्हती. मधल्या वारीं दोरी भरली तर ती बाई आळशी ठरे, आणि रविवारीं, देवळाची घंटा वाजत असतां भरली, तर तिचें नांव घेतांना बायका आवाज खालीं आणीत. आणि ओटरविकांत या नेमाची राखणदार कोण, तर हेस्टरबाई. बाई विधवा, वय छप्पन्न, उंच, ताठ, महिलामंडळाच्या मुख्य, आणि त्यांचें घर देवळासमोर, त्यामुळें कोण किती वाजतां आला आणि कोणाच्या परसांत काय फडफडलें हें त्यांस बसल्या जागीं दिसे.

हेस्टरबाईंच्या शेजारीं, एका झुडपांच्या कुंपणापलीकडे, त्यांची नणंद डोरकसबाई राहत. दोघींत अकरा वर्षें बोलणें नव्हतें. कारण ऐसें कीं, अकरा वर्षांमागें एका रविवारीं डोरकसबाईंच्या दोरीवर चादर दिसली, तेव्हां हेस्टरबाई देवळाच्या पायरीवर उभ्या राहून दहा जणींसमक्ष बोलिल्या, "आमच्या घराण्यांत हें कधीं जाहलें नव्हतें." घरांत डोरकसबाईंचा नवरा तापानें पडला होता आणि रात्रींतून तिसऱ्यांदा अंथरूण बदललें होतें, हें त्यांनीं विचारलें नाहीं आणि डोरकसबाईंनीं सांगितलें नाहीं. तो माणूस पानगळ होतां होतां गेला. त्या दिवसापासून कुंपण इकडून इकडची कापी, तिकडून तिकडची कापी, आणि मध्यें भांग पडला तो पडला. दोघींमध्यें जाणेंयेणें म्हणाल तर एका बोक्याचें. तो दोन्ही घरीं जेवी. हेस्टरबाई त्यास कॅप्टन म्हणत, डोरकसबाई रोझी म्हणत, आणि बोक्याची कशासही हरकत नव्हती. जें काय एकमेकींस ऐकवावयाचें तें दोघी बोक्यास मोठ्यानें सांगत.

तर रूपर्टसाहेब बुधवारीं हेस्टरबाईंच्या परसांत आले, आणि पाहतात तों मागें देऊळ, मध्यें टेकडी, वर आभाळ, आणि पुढें रिकामी दोरी. साहेबांचे डोळे भरून आले. हात जोडून म्हणाले, "बाई, उद्यां धुणें घाला."

"उद्यां गुरुवार," बाई म्हणाल्या.

"होय. उन्ह पडेल म्हणतात."

"गुरुवारीं धुणें? साहेब, आपल्या मातोश्री आहेत ना?"

"आहेत."

"त्या कोणत्या वारीं धुतात?"

"आमच्याकडे लॉन्ड्रीवाला येऊन नेतो," साहेब म्हणाले, आणि बाईंस त्यांची दया आली. त्यांनीं चहा दिला. मग साहेबांनीं राज्याचें काम आहे म्हणून सांगितलें, तें बाईंनीं ऐकून घेतलें. चित्र तीनशें गांवीं दिसेल म्हणून सांगितलें, तेव्हां बाईंनीं किटली खालीं ठेविली.

"तीनशें?"

"समुद्रापलीकडेही."

बाईंनीं दोरीकडे पाहिलें. मग म्हणाल्या, "सोमवार म्हणून दाखवाल?"

"बाई, फितीला वार नसतो. आम्ही म्हणूं तो वार."

"म्हणजे सोमवार म्हणाल."

"म्हणेन. वचन."

मग बाईंनीं पेटींतून लग्नाच्या चार चादरी काढिल्या, जाड तागाच्या, वीस वर्षें उलगडल्या नव्हत्या ऐशा, आणि साबण चिठीवरचा म्हणून नुसत्या पाण्यांतून काढून गुरुवारीं नऊ वाजतां दोरीवर घातल्या. कुंपणापलीकडून आवाज आला, "रोझी, आज वार कोणता ग?" हेस्टरबाई वर न पाहतां म्हणाल्या, "कॅप्टन, तिकडे सांग, सरकारी काम आहे." "रोझी, विचार, सरकार आतां गुरुवारीं धुतें का?" बोका मध्यें बसून अंग चाटीत होता. इतक्यांत टेकडीवरून वारा सुटला आणि चारही चादरी ऐशा उठल्या कीं चार गलबतांचीं शिडें एकदम भरावीं, आणि यंत्रावरचा माणूस धांवला, आणि साहेब गवतांत गुडघे टेकून बसले. बोकाही चित्रांत आला. तें एका वेळेसच जमलें, पुन्हां करा म्हणावें लागलें नाहीं. पुढें रविवारीं त्यांनीं देऊळ, घंटा, पाद्रीबाबा आणि टोप्या घालून जाणारी मंडळी यंत्रांत घेतली आणि स्वारी राजधानीस परतली.

तेथें विनिफ्रेडबाई म्हणून चित्रखात्याच्या कात्रीवाल्या होत्या. फितीचे तुकडे गळ्यांत माळांसारखे घालून त्या तोडीत आणि जोडीत, आणि त्यांच्या हातून गेलेलें चित्र श्वास घेऊं लागे, ऐसी त्यांची ख्याति. सात दिवसांचें चित्र जोडून तयार जाहलें आणि तेव्हांच वरून चिठी आली कीं पाऊण घटका फार होते, अर्धी घटका करावें. मग विनिफ्रेडबाईंनीं मंगळवार काढिला, बुधवार काढिला, आणि सोमवारही काढिला, कारण चादरी सोडल्या तर त्यांत दुधाचे डबे आणि शाळेची घंटा, दुसरें कांहीं नाहीं. परंतु त्या चादरी काढवेनात. हातांत धरून त्या दोन दिवस बसल्या. बाई जन्मल्या राजधानींत, तिसऱ्या मजल्यावर, धुणें बाहेर देणाऱ्या घरीं. त्यांनीं काय केलें, कीं चादरी उचलून रविवारांत घातल्या आणि वर देवळाच्या घंटांचा नाद सोडिला. आणि खात्याचे एक भारदस्त आवाजाचे गृहस्थ होते, जे कधीं दिसत नसत आणि प्रत्येक चित्रांत बोलत असत, त्यांनीं त्यावर म्हटलें, "रविवार. स्वच्छ मनें, स्वच्छ वस्त्रें." रूपर्टसाहेबांनीं तें पाहिलें आणि ते रडले. दिवाणांनीं पाहिलें आणि त्यांनींही डोळे पुसले. दिलेलें वचन रडण्यांत वाहून गेलें.

विनिफ्रेडबाई मनाच्या मोकळ्या. त्यांनीं आपण होऊन हेस्टरबाईंस पत्र लिहिलें कीं, आपल्या चादरी साऱ्या चित्राचा प्राण जाहल्या, त्यांस आम्हीं घंटांबरोबर रविवारीं ठेविलें आहे, येत्या चैत्रांत आपल्याच गांवीं पहिला खेळ करूं. हेस्टरबाईंनीं पत्र उभ्यानें वाचावयास घेतलें आणि बसून संपविलें. मग उत्तर लिहिलें कीं चादरी काढा. खात्याचा जबाब आला कीं चाळीस प्रती निघाल्या, दिवाणांस पसंत पडल्या, आतां उपाय नाहीं, आणि खालीं रूपर्टसाहेबांनीं स्वहस्तें लिहिलें होतें, "वचन मोडलें, फार लाज वाटते. परंतु कोणाच्या ध्यानींही येणार नाहीं." बाईंनीं तो कागद घडी घालून चुलींत टाकिला. तीनशें गांवांचें सोडा, ओटरविकांत दीडशें माणूस, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या ध्यानीं येणार होतें. ज्या बाईनें जन्मभर दुसऱ्यांच्या दोऱ्यांचे वार मोजले, ती घंटा वाजत असतां देवळासमोर चादरी फडकवीत बसली, हें सरकारी मोहोर घेऊन पडद्यावर दिसणार होतें. आणि खरा वार गुरुवार होता हें माहीत असलेली साक्षीदार गांवांत एकच, ती कुंपणापलीकडे.

मग हेस्टरबाई पाद्रीबाबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "खेळास देवळाचा दिवाणखाना देऊं नये. छत गळतें म्हणून सांगावें."

पाद्रीबाबा म्हणाले, "हेस्टरबाई, छत गळतें खरें. पण मी त्या चित्रांत आहें."

"किती?"

"अर्धें पळ म्हणतात. माझी बहीण तीन गाड्या बदलून येते आहे."

"पाद्रीबाबा, माझी अब्रू जाते."

"तुमच्या अब्रूस काय होतें बाई, ती दगडी आहे," पाद्रीबाबा प्रेमानें म्हणाले, आणि बाईंस तें फार लागलें. त्या घरीं आल्या आणि महिलामंडळाचा राजीनामा लिहून टोपींत ठेविला, कीं खेळ संपतांच द्यावा. इकडे पत्राची बातमी टपालवाल्याकडून दुकानीं आणि दुकानांतून डोरकसबाईंच्या कानीं गेली. लोक सांगतात, त्या ऐकून आधीं हंसल्या, इतक्या कीं दुकानदारानें त्यांस पाणी दिलें. मग पाणी पिऊन, ज्या काडेपेटीसाठीं आल्या होत्या ती न घेतांच घरीं गेल्या.

शके अठराशें बाहात्तर, विकृती नाम संवत्सर, चैत्रमास, संध्याकाळीं सहा वाजतां खात्याची मोटार आली, पडदा लागला, खुर्च्या मांडल्या. डोरकसबाई सर्वांआधीं येऊन पहिल्या रांगेंत बसल्या. हेस्टरबाई तें पाहून मागें दाराशीं बसल्या, राजीनामा असलेली टोपी मांडीवर. रूपर्टसाहेब आणि विनिफ्रेडबाई पाहुणे म्हणून बाजूस होते. दिवे गेले आणि यंत्र घरघरूं लागलें. आणि मग काय विचारतां! "अरे, ती आपली कोंबडी!" "पीटरचा सदरा पहा, तोच अंगावर आहे!" "पाद्रीबाबा, आपण इतके बुटके?" पाद्रीबाबांच्या बहिणीनें एकटीनें टाळ्या वाजविल्या. आणि मग घंटा वाजल्या, आणि पडदा भरून चार चादरी उठल्या, आणि तो आवाज म्हणाला, "रविवार. स्वच्छ मनें, स्वच्छ वस्त्रें."

 मग मागून कोणी म्हणालें, "रविवारीं?" दुसरी म्हणाली, "हें परस कोणाचें ग?" आणि दीडशें माना हळूहळू दाराकडे वळूं लागल्या.

तेव्हां पहिल्या रांगेंतून डोरकसबाई उठल्या. पडद्याच्या उजेडांत त्यांची सावली चादरींवर पडली. म्हणाल्या, "इकडे तिकडे काय पाहतां? चादरी माझ्या आहेत. माझी दोरी तुटली होती, वहिनींच्या दोरीवर घातल्या. मला काय, रविवारीं वाळत घालणारी म्हणून मी प्रसिद्धच आहें."

अकरा वर्षांनीं त्या तोंडून "वहिनी" निघालें. यंत्रवाल्यानेंही यंत्र थांबविलें. हेस्टरबाई उठल्या, टोपी खालीं पडली.

"वन्सं, बसा खालीं. चादरी माझ्या आहेत."

"तुम्ही गप्प रहा हो. मला संवय आहे, तुम्हांला नाहीं."

"माझ्या लग्नांतल्या आहेत! डाव्या कोपऱ्यावर चांदणीचा रफू आहे, कोणीही पहा."

"ती चांदणी मी घातली आहे," डोरकसबाई म्हणाल्या. "तुम्ही नव्या सुनबाई, इस्तरीनें चादर जाळलीत आणि न्हाणीघरांत रडत बसलांत. आई येण्याआधीं मी रफू केला. आई मरेपर्यंत तिला सांगितलें नाहीं. आतां ती चादर माझी कीं तुमची?"

लोकांनीं गलका केला कीं यंत्र मागें घ्या, चांदणी दाखवा. यंत्रवाला म्हणाला, यंत्र मागें जात नाहीं, सारी फीत उलट गुंडाळावी लागेल. "गुंडाळा!" गांव म्हणालें. तोंवर विनिफ्रेडबाईंनीं शेजारणीस विचारून वाराचें प्रकरण समजून घेतलें होतें, आणि त्यांनीं रूपर्टसाहेबांस कोपर मारिलें. साहेब उठून म्हणाले, "मंडळी, दोष माझा. तो रविवार नव्हताच. मी बाईंस गळ घातली. तो गुरुवार होता."

"गुरुवारीं!" दिवाणखाना एका आवाजानें म्हणाला, आणि तो धक्का रविवारापेक्षां फार कमी नव्हता.

"साबण लाविला नव्हता," हेस्टरबाई म्हणाल्या, आणि कोणीतरी हंसलें. मग त्या दोन रांगा पुढें आल्या. म्हणाल्या, "हंसा. परंतु माझें ऐका. अकरा वर्षांमागें या बाईच्या दोरीवर रविवारीं चादर होती. घरांत तापाचा माणूस होता. मी वार पाहिला, घरांत काय आहे तें विचारलें नाहीं. पायरीवर उभी राहून बोलिलें. वन्सं, मी चुकलें." 

 डोरकसबाईंनीं शेजारच्या खुर्चीवरून आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "या, बसा इथें," म्हणाल्या. "मागून कांहीं दिसत नाहीं. आणि तो बोका आहे चित्रांत, मला नीट पाहूं द्या."

मग फीत गुंडाळून झाली आणि खेळ पुन्हां जाहला, आणि चादरी उठतांच दीडशें माणसांनीं डाव्या कोपऱ्यावर चांदणी शोधिली. कांहींस दिसली, कांहींस न दिसतांच दिसली. "रोझी!" डोरकसबाई म्हणाल्या. "कॅप्टन," हेस्टरबाई म्हणाल्या. राजीनामा खालीं पडलेल्या टोपींतून कोठें गेला तें कळलें नाहीं. सकाळीं झाडतांना पाद्रीबाबांच्या बहिणीस एक कागद सांपडला, तो तिनें छताच्या गळतीखालीं ठेविलेल्या बादलीस टेकू म्हणून दिला.

तात्पर्य इतकें कीं, तें चित्र राज्यांत तीनशें गांवीं आणि समुद्रापलीकडे दिसलें, बहुतेक ठिकाणीं बायकांनीं एकमेकींस कोपरें मारलीं आणि पुरुषांस कांहीं कळलें नाहीं. विनिफ्रेडबाईंनीं आपल्या मेजावर चिठी चिकटविली कीं, तोडण्याआधीं वार विचारावा. रूपर्टसाहेब पुढें मोठे जाहले, आणि वचन देतांना चाचरूं लागले. ओटरविकांत दोन घरांमधल्या कुंपणास एक फट पाडली, बाई आणि धुण्याची टोपली दोन्ही जातील इतकी, कारण हेस्टरबाईंकडे वारा अधिक आणि डोरकसबाईंकडे चिमटे अधिक. बोका दोन्ही नांवांस ओ देत नाहीं तो नाहींच. येणेंप्रमाणें चादरींचा निवाडा जाहला तो जैसा कळला तैसा लिहिला. आणखी लिहावें, परंतु आज सोमवार आहे.